इटलीच्या भिंतीवर पंचफुला

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या घरातून निघालो तेव्हा समोरच्या घरातला गोरा माणूस कुत्रा फिरवत होता. त्यानं हात केला, मीही केला. तो रोज करतो. पंचफुला होती तेव्हा आम्हा दोघांना करायचा. आता वर्ष होत आलं, मला एकट्यालाच करतो. तुझी बायको दिसत नाही, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. माझं इंग्रजी 'हाय'वर संपतं.

हे मी नागपूरच्या आपल्या वस्तीतल्या लोकांसाठी लिहितो आहे. माझं शिक्षण चौथीचं, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

इटलीला जायची हौस मला नव्हती. नात यशोधरा डोंगर चढायची वेडी, कॉलेजात इटालियन शिकलेली. मुलगा मिलिंद म्हणाला, "बाबा, जा तिच्यासोबत. घरात बसून नुसत्या भिंती बघता."

भिंतीच बघणार ना! जन्मभर नागपुरात भिंतींवर पोस्टरं चिकटवली. सिनेमाची, सर्कशीची, सभांची.

पण पंचफुलाला जाऊन वर्ष होत होतं, तिचं पहिलं पुण्यानुमोदन नेमकं त्याच आठवड्यात येत होतं. वस्तीत असतो तर चौकात तिचा फोटो लागला असता, भन्तेजी आले असते, गल्ली जेवली असती. इथं तिच्या मातीला मिलिंदच्या ऑफिसातले थोडे लोक आले, फुलं ठेवली, आपापल्या गाडीत बसून गेले. बाई गेली आणि शेजाऱ्यालाही कळलं नाही. हे माझ्या छातीत अडकून होतं. म्हटलं, इथं तरी बसून काय करू? निघालो.

रोमहून यशोनं भाड्याची गाडी चालवली. अब्रुझ्झो म्हणून डोंगराळ मुलूख आहे. रस्ता असा वळतो की पोटातलं वर येतं. मी दोनदा गाडी थांबवायला लावली. शेवटी एका डोंगराला चिकटलेलं दगडी गाव दिसलं. अर्ध्या घरांना कुलपं. तरणी पोरं शहरात गेलेली, म्हातारी चौकातल्या बाकांवर. आपल्याकडच्या गावांसारखंच, फक्त थंडी जास्त.

उतरलो भाड्याच्या खोलीत, अस्सुंताबाईकडे. माझ्याच वयाची, काळा झगा, आवाज फौजदाराचा. तिनं रात्री अरोस्तिचीनी (मेंढीच्या मटणाचे बारीक तुकडे काडीला खोचून भाजलेले) आणून ठेवली. मी पिशवीतून तिखटाची डबी काढून वरून भुरभुरलं. बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली, मग यशोला काहीतरी बोलली.

"आबा, ती म्हणते, तिच्या हातात काय कमी आहे ते सांगा."

"तिला म्हणावं, हातात कमी नाही. माझ्या जिभेत खोट आहे."

बाई हसली. डबीत बोट घालून चाटलं आणि पाण्याला धावली.

दुसऱ्या दिवशी पडका किल्ला चढलो. डोंगराच्या टोकावर पांढऱ्या दगडाचा, कोपऱ्यांना गोल बुरूज. वरून मेंढरांची जुनी वाट दिसते. थंडीत इथले धनगर कळप घेऊन समुद्राकडच्या मैदानात उतरायचे, उन्हाळ्यात परत यायचे. वाट आता गवतानं भरली आहे. मला गाविलगड आठवला. लग्नानंतर पंचफुलाला घेऊन गेलो होतो. अर्ध्या चढावर ती दगडावर बसली. म्हणाली, "तुम्ही जा. किल्ला कसा आहे ते येऊन सांगा, मी पाहिला असं समजीन." वर जाऊन आलो आणि तिला सगळं सांगितलं, थोडं वाढवूनच. आता किल्ला पाहिला तर सांगायचा कोणाला?

उतरताना माझ्या बुटाचा तळ सुटला आणि कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबायला लागला. यशोनं आपली ओढणी फाडून बांधला.

"आबा, न्यू शूज घेऊ म्हटलं होतं ना? यू नेव्हर लिसन, यार."

"हा जोडा तुझ्या आजीनं घेतला होता."

तिनं मग माझा हात धरून खाली आणलं.

गावात शिरताना चर्चशेजारच्या भिंतीवर माझी नजर गेली. पोस्टरं! काळ्या काठाचे पांढरे कागद, काहींवर फोटो, काहींवर नुसतं नाव. जवळ जाऊन आधी हात फिरवला, सवयच ती. चिकटवणाऱ्यानं कोपरे कोरडे सोडले होते.

"डेथ नोटिसेस," यशो म्हणाली. "गावात कोणी गेलं की लावतात. वर्ष झालं की परत लावतात." मग एका कागदापाशी थांबली. "आबा, धिस मॅन... हा फिलाडेल्फियात वारला."

"अमेरिकेत? मग कागद इथं काहून?"

अस्सुंताबाई पाव घेऊन येत होती. तिनंच सांगितलं, यशोनं मराठीत आणलं. गावची निम्मी माणसं पोटासाठी अमेरिकेत गेली. तिथं मेली तरी कागद इथं लागतो. तिच्या भावाचाही लागला होता. तिथं कोण वाचणार?

मी म्हणालो, "माझी बायकोही अमेरिकेत मेली. परवा वर्ष होतं."

यशोनं सांगितलं. बाईनं पाव यशोच्या हातात दिला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "फोटो आहे?"

खालच्या गावातल्या छापखान्यात गेलो. छापणाऱ्याकडे क्रूस होते, मेरी होती. मी म्हटलं, आमचे भगवान बुद्ध. ते नव्हते. शेवटी फोटोवर एक कमळ टाकलं. खाली मराठीत: कालकथित पंचफुलाबाई. प्रथम पुण्यानुमोदन. त्याखाली त्यांच्या भाषेत तेच, आणि नावाचा अर्थ, पाच फुलं. दोन कागद छापले, एक फाटला तर असू दे म्हणून.

चिकटवायला गावाचा माणूस असतो. मी म्हटलं, हा मी लावणार. अस्सुंताबाईच्या स्वयंपाकघरात लेई, म्हणजे कागद चिकटवायची खळ, करायला उभा राहिलो. मैदा गार पाण्यात कालवला, उकळत्या पाण्यात सोडला, ढवळत राहिलो. घरी लेई पंचफुला करायची. गाठ राहू द्यायची नाही. उंदीर लागू नयेत म्हणून शेवटी मोरचूद टाकायची. निळी बोटं घेऊन मिलिंदला अभ्यासाला बसवायची. लेईचा वास आला आणि माझा हात थांबला. कच्च्या पिठाचा वास पिकतो ना, तोच. बाई बाजूला उभी. तिला वाटलं मी आमच्याकडचं काही शिजवतो आहे. मीठ पुढे केलं. मी नको म्हटलं. चीज किसायला घेतलं, तेही नको म्हटलं. शेवटी लेई लावायला ब्रश मागितला तेव्हा ती कपाळाला हात लावून खुर्चीत बसली.

पुण्यानुमोदनाच्या सकाळी आधी डोंगरातल्या एरेमोत (एकांतात राहणाऱ्या साधूंचा मठ) गेलो. कड्याच्या पोटात कोरलेली खोली, दगडी ओटा, पाण्याचा पाझर. आपल्या लेण्यांत भिक्खू राहायचे तशीच जागा. साधू त्यांचे, दगड तोच. यशो नि मी तिथं बसून त्रिशरण पंचशील म्हटलं. तिला मधले शब्द येत नव्हते, माझ्या मागून म्हणत गेली.

मग भिंतीपाशी आलो. लेई लावली, कागद वरून खाली सोडला, तळहातानं मधून बाहेर हवा काढली, चारी कोपरे दाबले. फिलाडेल्फियावाल्याच्या शेजारी पंचफुला. पदर डोक्यावर, तोंडावर तेच हसू.

बाजूला होऊन उभा राहिलो. एक म्हातारा आला, थांबला, चष्मा चढवून वाचलं. टोपी काढली. अस्सुंताबाईनं माझ्याकडे बोट केलं तसा येऊन त्यानं हात हातात घेतला. "कोंदोल्यान्झे." (तुमच्या दुःखात आहोत.) मागून दुसरी बाई आली. तिनं बोटं ओठांना लावून फोटोला लावली. दुपारपर्यंत चौकातली सगळी म्हातारी येऊन गेली. ज्यांनी तिला कधी पाहिलं नाही, ती माणसं तिच्यासाठी माझा हात धरत होती. मी पाण्याच्या नळामागे जाऊन रडलो. वर्षात पहिल्यांदा. मातीच्या दिवशीही रडलो नव्हतो.

निघताना अस्सुंताबाईला तिखटाची डबी दिली. ती म्हणाली, "पाऊस आला तर कागद जाईल."

"जाऊ दे. वाचला गेला ना, झालं."

मॉरिसव्हिलला पोचलो. यशो गाडीतून बॅगा काढत होती. समोरचा गोरा माणूस कुत्रा घेऊन निघाला आणि त्यानं हात केला. मी हात केला नाही. पिशवीतून दुसरा कागद काढला, रस्ता ओलांडला आणि त्याच्यासमोर धरला. "माय वाइफ," म्हटलं. "लास्ट इयर."

त्यानं कुत्र्याची दोरी मनगटाला गुंडाळली आणि कागद दोन्ही हातांनी घेतला. बराच वेळ पाहिला. काहीतरी हळू बोलला. मागून यशो आली.

"आबा, ते म्हणतात, त्यांना ती दिसत नाही हे कळलं होतं. कसं विचारायचं ते कळलं नाही."

मी मान हलवली. मला तरी कसं सांगायचं कुठं कळलं होतं?

मग त्यानं नावाखाली बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी सावकाश सांगितलं. त्यानं तोंड वाकडंतिकडं करून म्हटलं, "पॅन्च... फुला."

नीट नाही म्हणता आलं त्याला. पण इथल्या आमच्या गल्लीत तिचं नाव घरच्यांशिवाय कोणी घेतलं, ते त्यानंच पहिल्यांदा.