तिचा श्वास ऐकू येईपर्यंत

"सामान बांधायचं सोडून समुद्रात कसली गाय बघायला निघालीस?" रियाधच्या ओलाया भागातल्या घरातून निघताना नवऱ्याने विचारलं. आमचा खुरूज (देश कायमचा सोडण्याचा शिक्का) झाला होता. आठवड्याने नाशिक. पण इथल्या भारतीय शाळेत मी वर्षानुवर्षं सीलचा धडा शिकवला होता: बुडी मारताना नाकपुड्या मिटतात, ठोके मंदावतात. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅम, हॅव यू सीन वन?" उत्तर न देता मी फळा पुसला होता. सील इथे नाहीत, पण तांबड्या समुद्रात डुगाँग आहे, म्हणजे समुद्रगाय. ती बघितल्याशिवाय हलायचं नाही, हे मी पक्कं केलं होतं.

तांबड्या समुद्राकाठच्या अल-वज्हला होडीवाले भेटले ते रत्नागिरीकडचे रफिकभाई. पहिला दिवस फुकट गेला. मी हट्टाने होडी इकडेतिकडे पळवायला लावली, उलट्या केल्या, टोपीही वाऱ्याने नेली. संध्याकाळी सयादिया (परतलेल्या कांद्यातला मासेभात) घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी चारला परतीचं विमान. दुपारी समुद्री गवताच्या उथळ पट्ट्यावर रफिकभाईंनी इंजिन बंद केलं.

"ताई, जोहरच्या नमाजाची वेळ झाली."

"अहो, तासभरच उरलाय!"

"तिला दम घ्यायला वर यायलाच लागतं. आपण आवाज नाय करायचा."

त्यांनी फळीवर चटई अंथरली. मी चडफडत गप्प बसले.

ते सजद्यात कपाळ टेकवून वाकले आणि होडीच्या उजवीकडे करडी पाठ वर आली. दोन नाकपुड्या उघडल्या, फुस्स करून श्वास सुटला आणि त्या झाकणासारख्या घट्ट मिटल्या. अगदी धड्यातल्यासारख्या! मागचे पाय नाहीतच, नुसती पसरट शेपटी. जड हाडांचं ते धूड सावकाश खाली गेलं. मोबाईल पिशवीतच राहिला. हाक मारून नमाज मोडवेना. तोंडावर हात दाबून मी रडले.

नमाज संपवून ते म्हणाले, "आली ना?"

"तुम्ही बघितलीत?"

"नाय. ऐकली. इतक्या जवळ कधी आली नव्हती, ताई."

"मग मान का नाही वळवलीत?"

"नमाजात कशी वळवणार?" ते हसले आणि चटई गुंडाळू लागले.

रियाधला परतल्यावर चाव्या द्यायला शाळेत गेले. माझ्या जागी आलेल्या नव्या बाईंकडून वर्गात पाच मिनिटं मागून घेतली. या वेळी कोणी काही विचारलं नाही. मीच सांगितलं, की मी तिला बघितलंय. आणि ज्यांनी दाखवली, त्यांनी फक्त तिचा श्वास ऐकलाय. मग फळा तसाच ठेवून बाहेर पडले.