मोहन्याला दिलेला हाल

आमच्या सोसायटीत मला मोठ्या मनाचा माणूस समजतात. ते खरं नाही, म्हणून हे लिहितो.

मागल्या वर्षी कल्याणच्या भाजी मार्केटजवळ मोटरसायकलची धडक बसून माझ्या नडगीचं हाड मोडलं. मी मोबाइलमध्ये बघत रस्त्यात उतरलो होतो. गाडी हळूच येत होती. पोलिसांना मात्र मी सांगितलं, भरधाव होती. सून शेजारी उभी होती. या वयात तिची बोलणी नको होती. एवढंच कारण.

गाडीवाला कल्याणजवळच्या मोहने गावातल्या बलोच कुटुंबातला. त्याच्यावर केस झाली, मस्कतची ठरलेली नोकरी अडकली.

मग एका दुपारी त्याची आई घरी आली, सोबत दोन म्हातारे. सत्तरीची बाई, अंगात भरतकामाचा पायघोळ झगा. एक शब्द न बोलता तिने डोक्यावरची ओढणी काढली आणि माझ्या प्लास्टरपाशी ठेवली. पांढरे केस उघडे. सून दारात थिजली.

एक म्हातारा म्हणाला, "आमच्यात घरची बाई अशी माफी मागायला आली की समोरचा नाही म्हणत नाही. पण तुम्ही बलोच थोडेच, भाऊ? जबरदस्ती नाही."

मी कोर्टात तडजोड केली. मस्कतची जागा तोवर भरली होती. सोसायटीत चेअरमन म्हणाले, "काका, तुम्ही ग्रेट आहात." मी ऐकून घेतलं.

काठीवर चालता यायला लागल्यावर रिक्षाने मोहन्याला गेलो. पाणी आलं आणि बाई म्हणाल्या, "हाल द्या." हाल देणं म्हणजे त्यांच्याकडे पाहुण्याने आल्याआल्या आपली सगळी खबर खरी खरी सांगायची, तोवर मध्ये कुणी बोलत नाही. मी पायाच्या दुखण्यापासून सुरुवात केली. खोली गप्प. त्या गप्प बसण्यातच माझ्या तोंडून मोबाइलचं निघालं, मग जबाबाचं.

मुलगा खाली बघत होता.

"हे यानं मला त्याच दिवशी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

मी विचारलं, "मग ओढणी कशाला ठेवलीत?"

"हाड तर तुमचंच मोडलं होतं ना, भाऊ. चहा घ्या. आणि रस्त्यात मोबाइल बघू नका."

मी चहा घेतला.

सुनेला हा हाल मी अजून दिलेला नाही. हे लिहून झालं की पहिल्यांदा तिच्याच हातात देणार आहे.