गोधड्यांखालची शेवंती

बेलापूरच्या अलीकडं, उसाच्या रानांमधून जो रस्ता बौद्धवस्तीकडं वळतो, तिथं कुणालाही विचारा, शेवंतीवाल्या भागिरथीचं घर कुठलं. कुणी भेटलं नाही तर तिचा थोरला भाऊ भीमराज भेटेल, आणि तो न विचारताच सांगेल. भीमराजची शाळा सातवीत सुटली, पण चारचौघांत बोलायला उभा राहिला की मास्तर लोकसुद्धा खुर्ची पुढं ओढून ऐकतात. ट्रॅक्टर चालवतो, उसाच्या ट्रॉल्या ओढतो, आणि कारखान्याच्या रांगेत उभा असला की मागच्या-पुढच्या ड्रायव्हरला हटकून सांगतो, "माझ्या बहिणीच्या दारात जी शेवंती हाय ना, तशी सगळ्या प्रवराकाठाला दावा. मी ट्रॅक्टर सोडून देतो."

आजपर्यंत कुणी दाखवली नाही. ट्रॅक्टर भीमराजकडंच आहे.

ती शेवंती आली कुठून, तेही ऐकण्यासारखं आहे. त्यांची आई, आक्काबाई, एका बागायतदाराच्या फुलांच्या रानात रोजानं जायची. हंगाम सरला की मालक जुनी झाडं उपटून बांधावर फेकून द्यायचा. आक्काबाईनं त्या फेकलेल्यातली एक पांढरी शेवंती पदरात गुंडाळून घरी आणली आणि फुटक्या रांजणात लावली. लोकांना वाटलं, मेलेलं झाड लावलं म्हातारीनं. पण शेवंती मरत नाही. फुलं सरली की वरनं वाळते, जमिनीबरोबर छाटायची, आणि बुडाशी ओल ठेवायची. मग कडेनं कोवळे फुटवे येतात, त्यांना मुनवे म्हणतात. तेच काढून लावायचे. झाड दरसाल म्हातारं होतं आणि दरसाल तान्हं होतं.

भागिरथी लग्न होऊन संगमनेरकडं गेली, तेव्हा ओल्या पोत्यात चार मुनवे घेऊन गेली. मागं इकडं दुष्काळ पडला, प्यायला टँकर, तिथं झाडाला कोण घालणार? आईचा रांजण वाळून गेला. पुढं भागिरथीचा नवरा वारला. ती माहेरी आली तेव्हा एसटीत तिच्या मांडीवर घमेलं होतं आणि घमेल्यात शेवंती. आक्काबाई दारातच उभी होती. तिनं आधी एक पान चुरगाळून वास घेतला, आणि मग लेकीला जवळ घेतलं. भीमराजनं हे डोळ्यांनी पाहिलंय. तो दिवस आठवला की ट्रॅक्टरच्या आवाजातही त्याचा आवाज खाली येतो.

आक्काबाई जाताना एवढंच बोलून गेली, "आपल्या विहारात मूर्ती आली, की पायाशी हेच फूल ठेवा. फेकलेलं हाय, पन आपलं हाय."

तेव्हा विहार म्हणजे पत्र्याची खोली होती आणि आत तसबीर. मूर्तीचं नाव कुणी काढत नव्हतं. भागिरथीनं मात्र एका रांजणाचे वाफे केले. दारापासून विहाराच्या भिंतीपर्यंत. पावसाळ्यात शेंडे खुडायची, म्हणजे झाड उंच न जाता पसरतं. बुडाशी पाणी साचू द्यायची नाही. सकाळी एकेक पान उलटून मावा बघायची, सापडला तर बोटांनीच पुसायची. भीमराज म्हणायचा, "अगं, औषध आनून देतो, मार फवारा." ती म्हणायची, "तुझ्या पोरांची नाकं तू फवारा मारून पुसलीस व्हय?"

यंदा विहार पक्का बांधून झाला आणि मूर्तीची तारीख ठरली, मार्गशीर्ष पौर्णिमा. बैठकीत समितीचा सहादेव उठला. सहादेव माणूस वाईट नाही, पण त्याला सगळ्यात हिशोब पाहिजे आणि भीमराजची फिरकी घ्यायला पाहिजे. तो म्हणाला, "फुलं शिर्डीवरनं सांगू. टेम्पोभर येत्यात. उगा ऐनवेळी पळापळ नको."

भीमराज उठला. "बाहेरचं एक फूल यायचं न्हाई. मूर्तीच्या पायापास्नं पायरीपर्यंत माझ्या बहिणीची शेवंती आसंल. माझा शब्द."

"शब्द तुझा, आन फुलायचं तिनं," सहादेव म्हणाला. लोक हसले. बायकांच्या बाजूला बसलेली भागिरथी हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढं आईचं चुरगाळलेलं पान होतं.

आता दिव्याची गोष्ट. त्याच सुमारास उसात बिबट्या आला होता. वस्तीवरची दोन कुत्री गेली. बायकांना सांजेला बाहेर पडायची चोरी झाली. भीमराजनं ग्रामसभेत असा आवाज लावला, की गणपतीच्या आधी वस्तीला मोठा एलईडी दिवा मिळाला. दुसऱ्या कुणाला मिळवता आला असता तर मिळवला असता की. वायरमन खांब घेऊन आला आणि विचारलं, कुठं रोवू? वळणावर, असं सगळे म्हणाले. भीमराज म्हणाला, "वळनावर नको. हितं, माझ्या बहिणीच्या कुंपनापाशी. रस्ता तर दिसंलच, पन येनाऱ्या-जानाऱ्याला रातीसुद्धा शेवंती दिसली पायजे."

दिवा लागला आणि वस्ती दिवसासारखी उजळली. वाफ्यातलं पान न् पान मोजावं असा उजेड. भीमराज कुंपणाला हात लावून उभा राहिला आणि त्याला वाटलं, आईला दाखवायला पाहिजे होतं.

दसरा आला. दरसाल दसऱ्याला शेवंतीच्या शेंड्यात मुगाएवढ्या कळ्या बोटाला लागतात. यंदा भागिरथीनं शेंडा चाचपला, तर नुसतं पान. दुसरा चाचपला, पानच. झाडं कशी, तर तरारलेली, हिरवीगार, कंबरेला लागतील अशी. आणि कळीचा पत्ता नाही.

भीमराजनं एकेकावर आळ घेतला. पाऊस जास्त झाला. खत कमी पडलं. कुणाची तरी नजर लागली. भागिरथी एकेक शेंडा पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. जेवायलाही बसली नाही. मूर्ती येणार, आणि आईच्या झाडाला फूल नसणार. आईचा बोल तिच्याच हातनं खाली पडणार होता.

मग एका सकाळी शेजारची जहिरा पाण्याला आली. जहिराचं घर कुंपणाला लागून, शेळ्या तिच्या, नवरा दिलावर शिर्डीला फुलांच्या दुकानावर कामाला. वाफ्यालगतच्या हौदामागं बादली ठेवायला वाकली, आणि म्हणाली, "भागिरथीबाय, तू तर म्हनती कळी न्हाई. हितं काय हाय मग?"

हौदाच्या मागं तीन-चार झाडं होती, उन्हाला कमी, अंगानं किरटी. त्यांच्या शेंड्यांना कळ्या लगडल्या होत्या. भागिरथी तिथंच खाली बसली. दिवसभर तिचं चित्त कशात नव्हतं. सांजेला दिवा लागला, तशी ती पुन्हा वाफ्यात गेली. दिव्याच्या उजेडात हौदाची सावली लांब पडली होती. तिनं त्या सावलीच्या कडेकडेनं मातीत बोटानं रेघ ओढली. रेघेच्या अलीकडच्या, सावलीतल्या झाडांना कळ्या. पलीकडच्यांना पान.

भीमराज आला तर ती तशीच उकिडवी बसलेली.

"दादा, हिला रात पायजे," ती म्हणाली. "रात मोठी झाली, की हिला कळतं आता फुलायचं. तुझ्या दिव्यानं हिला रातच हुईना."

भीमराजनं वर दिव्याकडं पाहिलं, खाली रेघेकडं पाहिलं. एवढी आयुष्यभराची शेवंती, आणि ती अंधार मोजत असेल हे त्याला कधी सुचलं नव्हतं. दुसरा एखादा तिथंच गळाठला असता. भीमराज सरळ घरी गेला आणि पकड घेऊन खांबाकडं निघाला.

"कुठं चाललास?"

"वायर तोडतो. मीच आनला, मीच बंद करतो."

"आन बिबट्याला काय सांगतो? जहिराची सून सांजची शेळ्या बांधती. दिवा मागितलास ते बराबर केलंस. दिवा ऱ्हाईल." मग शेवंतीवर हात ठेवून म्हणाली, "दिव्याला न्हाई झाकायचं. हिला झाकायचं."

भीमराज म्हणाला, ट्रॅक्टरचं मेणकापड आणतो. ती म्हणाली, त्याच्याखाली वाफ धरंल, कळी काळी पडंल. श्वास घेणारं पाहिजे, आणि उजेड न झिरपणारं.

असं कापड एकच, गोधडी.

दसऱ्याच्या उकाड्यात गोधड्या सगळ्यांच्याच ट्रंकेत असतात. भागिरथी दारोदार गेली. वस्तीतल्या बायकांनी आधी हसू लपवायला तोंडाला पदर लावला, आणि मग ट्रंका उघडल्या. जहिरानं तर दोन दिल्या, एक तिच्या सासूनं शिवलेली. "हिच्यात माझी सगळी पोरं वाढली," ती म्हणाली. "तुझी पन वाढू दे." भीमराजनं जुन्या ठिबकच्या नळ्या वाकवून वाफ्यावर कमानी रोवल्या, म्हणजे झाडावर भार नको. लाल, निळ्या, ठिगळांच्या, इरकलीच्या काठांच्या गोधड्या त्यावर चढल्या. दिवस मावळला की पांघरायच्या, उजाडलं की काढून, दवानं ओल्या झालेल्या, कुंपणावर वाळवायच्या.

सहादेव रस्त्यानं जाताना थांबायचा. "का रं भीमराज, अंगाई म्हनतोस का न्हाई?"

"तू ये म्हनायला. तुझ्या आवाजानं बिबट्या तरी पळंल."

बिबट्या एकदा खरंच येऊन गेला. सकाळी वाफ्याच्या बाहेर ओल्या मातीत पंजे उमटलेले होते, भीमराजच्या तळहाताएवढे. उसातनं निघून ते दिव्याच्या उजेडाच्या कडेपर्यंत आले होते आणि तिथनंच वळले होते. जहिरानं ते पंजे पाहिले, मग शेळ्या पाहिल्या, मग भागिरथीकडं पाहिलं. त्या दिवसापासनं सांजेला गोधड्या पांघरायला जहिराची सून न बोलवता यायची.

दिवाळी झाली तशी थंडी पडली. कळ्या आल्या होत्या, वाटाण्याएवढ्या, पण मिटलेल्या, हिरव्या. घराघरात पोरं गारठायला लागली. भागिरथी गोधड्या परत द्यायला निघाली, तर बायकांनी घेतल्या नाहीत. कुणी म्हणालं, सतरंजी हाय आमाला. कुणी म्हणालं, दोघं एका पांघरुणात निजतो. भीमराज आपल्या घरातली शेवटची गोधडीही वाफ्यावर घालून आला आणि स्वतः ट्रॅक्टरच्या मेणकापडात झोपला. बायको म्हणाली, रातभर खडाखडा वाजता, झोप येईना. तो म्हणाला, "वाजू दे. तिकडं शेवंती झोपली पायजे."

आणि मग एका सकाळी भागिरथीनं एक कळी उचलून धरली. टोकाला पांढरी कड दिसत होती, नखाएवढी. "आता नको," ती म्हणाली. "आता हिचं हिला ठावं." गोधड्या धुऊन, वाळवून ज्याच्या त्याच्या घरी गेल्या.

पौर्णिमेला पहाटेच वस्ती जागी झाली. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. सहादेवनं शिर्डीहून टेम्पो मागवलेलाच होता, दिलावरच तो घेऊन आला. भीमराजनं टेम्पो पाहिला आणि भांडायला छातीत दम भरला, तेवढ्यात ऊन विहाराच्या भिंतीवरनं खाली वाफ्यात उतरलं.

भीमराजचा दम तिथंच राहिला.

फुलं काही दिवस उमलतच होती, आज सगळा वाफा पांढरा झाला होता. पण सलग नव्हे. पांढऱ्याचे चौकोन पडले होते, गोधडीएवढे. जिथं दोन गोधड्यांचा सांधा नीट जुळला नव्हता, तिथनं उजेड आत गेला होता, आणि तिथं हिरव्या पानांच्या पट्ट्या होत्या, शिवणीसारख्या सरळ. कुणीतरी उजेडाच्या सुईनं जमिनीवर एक मोठी गोधडी शिवावी, आणि तिला वास यावा, तसं. मग जहिरा पुढं झाली. "ह्यो तुकडा माझा," ती हळूच म्हणाली. "सासूच्या गोधडीचा. हितं फाटली हुती, बघ." आणि खरंच, त्या चौकोनाच्या कोपऱ्यात एकटंच एक झाड हिरवं उभं होतं.

मग एकेक बाई आपापला चौकोन ओळखायला लागली. सहादेवची बायको भिंतीकडच्या तुकड्यापाशी गेली आणि उभी राहिली. सहादेवनं विचारलं, "तू काय बघतीस तिथं?"

"तुमच्या आईची वाकळ हुती हितं. तुमी अंगाई इचारत हुता तवा."

सहादेवनं वाकून एका फुलाला बोट लावलं, आणि दिलावरला हाक मारून सांगितलं, टेम्पोतली फुलं कमानीला लावा, आत आणू नका.

भागिरथीनं पहिलं फूल जहिराच्या सासूच्या चौकोनातलं तोडलं, दुसरं हौदामागच्या किरट्या झाडाचं. मूर्तीच्या पायाशी ती ओंजळ ठेवली तेव्हा वंदना सुरू झाली होती, त्यामुळं ती काय पुटपुटली ते कुणाला ऐकू आलं नाही. भीमराजनं भाषण पाठ केलं होतं. त्याचं नाव पुकारलं, तो उठला, मूर्तीच्या पायाकडं पाहिलं, आणि "जय भीम" म्हणून खाली बसला. वस्तीत आजवर इतकं छोटं भाषण कुणी केलं नाही, तोही मान त्याचाच.

फुलं सरल्यावर भागिरथीनं झाडं जमिनीबरोबर छाटली. मुनवे फुटले तसे ज्या ज्या घरची गोधडी आली होती, त्या घरी मूठभर दिले. सहादेवच्या घरी ती स्वतः लावायला गेली.

दिव्याचा खांबही भीमराजनं हलवून घेतला, आता तो वळणावर आहे. वायरमननं खड्डा घेण्याआधी विचारलं, हितं रोवू ना नक्की? भीमराज म्हणाला, "थांब जरा. आदी बहिणीला इचारून येतो."

कारखान्याच्या रांगेत तो अजून तेच सांगतो. फक्त आता "माझ्या बहिणीच्या दारात" म्हणत नाही. "आमच्या वस्तीत दारोदार" म्हणतो. आणि ट्रॅक्टर अजून त्याच्याकडंच आहे.