पाटकऱ्याला मी मारलं

आमच्या गावच्या पाटकऱ्याला, म्हणजे कालव्याच्या चाऱ्यांची दारं उघडून-लावून ज्याच्या त्याच्या पाळीचं पाणी सोडणाऱ्या सरकारी माणसाला, एकोणतीस वर्षांपूर्वी मी मारलं. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो. आडवळणानं सांगायला लागलो की मी कारणं देत बसतो, आणि मला आता कारणं द्यायची नाहीत.

लिहायची वेळ एका सिनेमानं आणली. तेवढं श्रेय त्याचं. बाकी त्याच्याशी माझं भांडणच आहे.

झालं असं, की सरपंचांचा फोन आला. "तात्या, तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षपदाला तुमचंच नाव घेतोय. गुरुवारी ग्रामसभा हाय. कुणावर कधी आवाज चढवला न्हाय, असा गावात एकच माणूस हाय." मी "बघू" म्हणालो. बायको खुलली. बारामतीत नोकरी करणारी मुलगी म्हणाली, अध्यक्षांकडून पार्टी पाहिजे, आणि तिनंच रविवारी दुपारच्या खेळाची तिकिटं काढली.

सिनेमातला माणूस शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचा. घट्ट बसलेली डब्यांची झाकणं उघडून द्यायचा. मग एक दिवस काळ्या गाडीतून तिघं उतरतात आणि त्याला दुसऱ्याच नावानं हाक मारतात. पूर्वी तो सुपारी घेऊन माणसं मारायचा. मध्यंतरानंतर तो त्या तिघांना एकेक करून संपवतो. थिएटरात शिट्ट्या. "मार की, बघतोस काय!" माझ्या मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. शेवटी बायको रडते आणि त्याला मिठी मारते. दुसऱ्या दिवशी व्हॅन पुन्हा शाळेच्या फाटकात. दिवे लागले, लोक समाधानानं उठले. मी बसूनच राहिलो. त्या माणसाला सिनेमानं सगळं दिलं होतं: आजारी आई, दुष्ट मालक, आणि ज्यांना मारलं तर प्रेक्षकांना बरंच वाटेल असे शत्रू. माझ्या पाटकऱ्यानं कुणाचंही काही वाकडं केलं नव्हतं.

गावाकडं परतताना गाडीत मुलगी म्हणाली, "त्या बाईला इतकी वर्षं कळलं कसं नाही?"

"येडी असंल," बायको म्हणाली. "आपल्यात असलं काय असतं, तर मला दुसऱ्या दिवशी कळलं असतं. तुझ्या बापाला भाजीत मीठ जास्त पडलंय हे सांगायला चार दिवस लागत्यात, ह्यो काय लपवणार!"

दोघी हसल्या. अंथुर्ण्याच्या अलीकडं एक रसवंती दिसली, तिथं मी गाडी बाजूला घेतली. दोन ग्लास सांगितले, त्या दोघींसाठी. ग्लास त्यांच्या हातात आले आणि मी म्हणालो, "पाटकऱ्याला मी मारलं होतं."

"कुठला पाटकरी?" बायको म्हणाली. "त्या शिनेमात कुठं होता पाटकरी?"

मग सगळं सांगितलं. तसंच इथं सांगतो.

उन्हाळ्याचं पाणी सुटलं होतं. रानात काकडी होती, फुलावर आलेली. दुपारी आमची पाळी संपली आणि पाटकरी दार लावायला आला. वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, अजून तासभर पाणी मागितलं. पाटकरी म्हणाला, "आबा, तुमच्या फुडचीबी माणसंच हायती की." त्याचं बरोबर होतं. आबांनी हात जोडले. तो नाही म्हणाला. आबा मान खाली घालून घराकडं निघाले. मी तेवीस वर्षांचा, हे उसाच्या कडेला उभा राहून बघत होतो. पाटकरी दारावर वाकला, तसा मी मागून गेलो आणि खोऱ्याचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. तो चारीत पडला. मग दुसरा घाव घातला, कानावर.

पहिल्याला राग म्हणता येईल. दुसरा मारताना मी पूर्ण शुद्धीत होतो. त्यानं वळून माझं तोंड बघू नये, म्हणून मारला.

तो वाचला, पण त्या दिवसाचं त्याला काही आठवेना. पोलीस आले. आमचा शेजारचा भाऊबंद, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. त्याचं आणि पाटकऱ्याचं त्या सकाळी चहाच्या टपरीवर वाजलं होतं. पोलिसांनी मला विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, "सकाळी दादाचं नि त्याचं भांडण झालं होतं." ते खरं होतं. म्हणूनच ते इतकं खोल लागलं. तो माझा तिसरा घाव.

दादाला धरून नेलं. खटला चालला आणि पुराव्याअभावी तो सुटला. गावानं मात्र सोडलं नाही. 'सुटला, पण केलं त्यानंच,' असं दहा वर्षं लग्नाच्या पंगतीत बोललं जायचं, तो वाढायला आला की गप्प व्हायचं. शेवटी रान भावावर सोपवून तो भिगवणला गेला आणि हायवेला मासळीची खानावळ टाकली. पाटकऱ्याचा एक कान गेला. तोल जाऊ लागला, तसं त्याला कालव्यावर फिरता येईना. पुढं तो वारला तेव्हा त्याला खांदा मी दिला. लोक म्हणाले, केवढं मोठं मन.

आणि माझी शांतता! त्या दिवसापासून माझा आवाज चढला नाही, कारण चढला तर पुढं काय होतं हे मला माहीत होतं. गावानं त्याला स्वभाव म्हटलं.

मुलीनं एकच विचारलं, "पप्पा, दुसरा मारायच्या आधी थांबता आलं असतं?"

"हो."

बायकोनं भरलेला ग्लास तसाच ठेवला आणि जाऊन मागच्या सीटवर बसली. तिथून पुढं ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

सिनेमात भूतकाळ माणसाला शोधत येतो. माझा भूतकाळ भिगवणला चिलापी मासे तळत होता, आणि पुण्याला जाताना मीच त्याला टाळून बारामतीवरून वळसा घालायचो. सोमवारी वळसा घातला नाही.

दादा माशांना मसाला लावत होता. केस पांढरे झालेले. मला बघून म्हणाला, "काय रं, गाव सोडून मासं खायला?"

मी उभ्या उभ्या सांगितलं. त्याचा हात थांबला नाही.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला.

"कवापासनं?"

"तुज्या बापानं खोऱ्याला नवा दांडा बसवला तवापासनं. जुना मोडला न्हाय, काय न्हाय. कोण बदलतं रं चांगला दांडा?"

म्हणजे आबांना कळलं होतं. मला ते त्या संध्याकाळी "जेवून घे" एवढंच म्हणाले होते.

"मग बोलला का न्हाईस, दादा?"

"कुणाला? मी भांडखोर ठरलेला, तू गरीब गाय ठरलेला. तुज्या नावानं बोललो असतो, तर आजून दोन शिव्या जास्त पडल्या असत्या." त्यानं तव्यावर तेल सोडलं. "मला कशाला सांगतो? ज्यास्नी म्हाईत न्हाय त्यास्नी सांग. आन माफीबिफी मागू नको. गिऱ्हाईक बसलंय."

गुरुवारी सरपंचांनी माझं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. मी उठलो आणि वर लिहिलंय तेच, त्याच क्रमानं सांगितलं.

"तात्या, बसा खाली," सरपंच हळू आवाजात म्हणाले. "पाटकरी गेला, आबा गेलं. आता कुणाचं काय ऱ्हायलंय?"

"एकाचं ऱ्हायलंय. त्यो भिगवणला हाय."

"बीपीच्या गोळ्या घेतल्या न्हाईत वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. एक म्हातारा कळवळून म्हणाला, "आरं, पोरगी लग्नाची हाय तुजी!"

"तिला सांगूनच आलोय," मी म्हणालो. आणि ग्रामसेवकाकडं वळलो. "लिहा."

त्यानं पेन उचललं आणि परत ठेवलं. "असं नुसतं प्रोसिडिंगला घेता येत नाही. ठराव लागतो. सूचक, अनुमोदक लागतो."

"मग ठराव घ्या. सूचक मी. पाटकऱ्याला मी मारलं, ज्याच्यावर आळ आला तो निर्दोष आहे, आणि गाव त्याची माफी मागतंय."

"गाव का म्हणून?" आता खरा आरडाओरडा झाला. "मारलं तुमी, माफी आमी मागायची?"

"कोर्टानं सोडलं होतं त्याला. धरून कुणी ठेवलं?" एकोणतीस वर्षांनी माझा आवाज चढला. हात मात्र खालीच राहिले.

"अनुमोदक?" ग्रामसेवकानं विचारलं. पुरुषांच्या बाजूला सगळे मोबाईलमध्ये.

"माझं लिवा." बायकांच्या बाजूनं आवाज आला. माझ्या बायकोचा. चार दिवसांत मी तो पहिल्यांदाच ऐकला.

"वैनी, तुमी तरी..." सरपंच म्हणाले.

"मी काय माफ केलेलं न्हाय त्यांना. घरात काय व्हायचं ते हुईल. पर खरं हाय ते लिवा." माझ्याकडं न बघता ती खाली बसली.

हात मोजले. ठराव पडला, चांगला सपाटून पडला. लोक चपला शोधायला लागले. तेवढ्यात ग्रामसेवक, तो बाहेरगावचा तरुण, मला एवढंच म्हणाला, "नामंजूर ठरावाचीही नोंद करावी लागते."

"मजकुरासकट?"

"मजकुरासकट."

तो लिहून होईपर्यंत मी त्याच्या टेबलाशी उभा राहिलो. अध्यक्ष दुसराच कुणी झाला. पोलिसांकडंही मी लेखी दिलंय, पुढं काय व्हायचं ते होऊ दे. गावात आता मला 'तात्या' कमी जण म्हणतात. चालेल. माझी शांतता गावाला हवी होती, मला ती कधीच परवडली नव्हती.

त्या नोंदीची शिक्क्याची नक्कल घेऊन मी भिगवणला गेलो. दादानं हात पुसले, चष्मा लावला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं.

"म्हंजे गाव न्हाय म्हनलं व्हय?"

"व्हय."

"पर लिवलंय."

"लिवलंय."

त्यानं कागद मला परत दिला. "लॅमिनेट करून आण. हितं भिंतीला लावायचाय, तेलाचं हात लागत्यात लोकांचं."