माझं ऑर्किड फुललं, पण फुलसावंगीला

संक्रांतीच्या आठवड्यात माझ्या धाकट्या नणंदेचा, शोभाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. पिवळसर हिरव्या फुलांची हातभर दांडी, मागे तुरीचं शेत आणि खाली एकच ओळ: "वयनी, तुमचं झाड फुललं. हळदीकुंकवाले या." मी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. फुलं होती तशीच होती.

आता माझी लायकी सांगते. मी यवतमाळच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. घरी सिम्बिडियम आहे, म्हणजे थंड हवेतलं ऑर्किड. पाच वर्षांपूर्वी सिक्कीमहून मांडीवर बसवून आणलं. तेव्हापासून त्यानं एक कळी काढलेली नाही, आणि सेवेत मी काही कमी केलेलं नाही. उन्हाळ्यात कूलर त्याच्या तोंडाशी, दुपारी कुंडीत बर्फाचे खडे. दिवाळीनंतर गारठा पडला की त्याला बाधू नये म्हणून हॉलमध्ये टीव्हीशेजारी आणायचं, खिडक्या लावायच्या आणि कुंडीला माझा जुना स्वेटर गुंडाळायचा. पानं अशी गर्द हिरवी की पाहुणे वाहवा करून जात. आमच्या ह्यांचं म्हणणं एवढंच, "मलेही कधी त्या कूलरसमोर बसू देत जा."

मग शोभाकडे झाड कसं पोचलं? हे सांगताना जरा जड जातं. तीन वर्षांपूर्वी कुंडी भरली म्हणून मी झाडाचे दोन भाग केले. पुढचे गुबगुबीत, पानांचे कंद मला ठेवले. मागचे चार सुरकुतलेले, बिनपानांचे कंद खताच्या खड्ड्यासाठी काढले. त्याच दिवशी घरी हळदीकुंकू होतं आणि लुटायला आणलेल्या वाणात एक डबा कमी पडला. मी ते चार कंद चमकीच्या कागदात गुंडाळले आणि शोभाच्या ओटीत टाकले. वर "दुर्मीळ आहे हो, थंडीतलं झाड आहे, जपून ठेव," असंही सांगितलं.

तर ते दुर्मीळ फुललं होतं, आणि माझं टीव्ही बघत बसलं होतं. काहीतरी लबाडी असणारच, असं ठरवून मी निघाले. पिशवीत तिळगूळ, वही, भिंग, आणि हातात थर्मामीटर.

जाणाऱ्यांसाठी माहिती: यवतमाळहून उमरखेडकडे जाणारी सकाळची एसटी धरा आणि महागावला उतरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, हाडं मात्र पूर्ण खिळखिळी होतात. खिडकी लागत नसेल तर ती मुळातच लागत नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. शेजारी बसलेल्या आजीबाईंनी आर्णीपर्यंत माझ्या हाताकडे पाहून घेतलं आणि मग विचारलं,

"कोणाले ताप आला काय, बाई?"

"नाही हो. झाडासाठी आहे."

"झाडाले ताप आला?" त्यांनी पिशवी छातीशी घेतली आणि थोडं पलीकडे सरकल्या.

आर्णीला बस थांबते. तिथे पोहे खा, पण तर्री वेगळी मागा. नाहीतर पोहे शोधावे लागतात. महागावहून फुलसावंगीला शेअर ऑटो मिळतो. तो भरला की निघतो, आणि भरला कधी म्हणायचं हे फक्त ड्रायव्हरला कळतं. सगळं मिळून साडेतीन-चार तास धरून चला.

शोभानं जेवायला भाकर, कांद्याची पात घातलेलं वांग्याचं भरीत आणि तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी केली होती. मी तीन भाकरी खाल्ल्या आणि मगच चौकशीला लागले. ती मला मागच्या शेतात घेऊन गेली. रानडुकरांवर लक्ष ठेवायला तिथे मचाण आहे. त्याच्या लाकडी बल्लीला एक फुटका प्लास्टिकचा डबा टांगलेला, त्यात विटांचे तुकडे आणि कोळसा, आणि त्यात ते. दोन दांड्या, चौदा फुलं. मी दोनदा मोजली. पानं पिवळट, टोकं करपलेली, एक तर अर्धवट कुरतडलेलं.

"इथं काहून टांगलं?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"घरी ठेवलं तं बकरीनं दोन पानं खाल्ली. मंग आणलं मचाणावर."

"खत कोणतं?"

"तिच्याच लेंड्याचं पाणी. पानं खाल्ली, मंग भरपाई नको?"

"आणि उन्हाळ्यात?"

"विहिरीपाशी, आंब्याखाली. भवताल ओला बारदाना. दसरा झाला का पुन्हा वर."

"थंडीत झाकत नाहीस?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "कायले? थंडीतलंच झाड हाय ना, वयनी? तुम्हीच तं सांगतलं होतं."

मी थर्मामीटर बल्लीला अडकवून ठेवला. त्या दुपारी त्यानं अठ्ठावीस अंश दाखवले, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सूर्य उगवताना अकरा. माझ्या बंद हॉलमध्ये चोवीस तास बावीस असतात, तेही स्वेटरमध्ये. भरपूर उजेड आणि दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक मिळाल्याशिवाय हे फूल धरत नाही, हा प्रश्न मी पाच मार्कांना विचारत असे. पानं फार गर्द हिरवी म्हणजे उजेड कमी, हे तर माझ्याच नोट्समध्ये होतं. मुलांनी लिहून घेतलं, पास झाली, बाईंनी मात्र वाचलं नाही.

चहा पिताना मला राहवलं नाही. "शोभा, तेव्हा मी तुला टाकायचे कंद दिले होते."

"मले माईत हाय," ती गाळणी झटकत म्हणाली. "कागद खोलल्याबरोबर समजलं. शेतकऱ्याच्या पोरीले बेणं समजत नाही काय?"

"मग बोलली का नाहीस?"

"वाणाले कोणी नावं ठेवते काय? पण राग आलता. म्हटलं, आता हे फुलवूनच दाखवीन. तीन वर्षं पाणी टाकताना रोज तुमची आठवण काढली, वयनी. चांगली नाही."

मला एवढी लाज वाटली की चहा तसाच गार झाला.

हळदीकुंकू झालं. बाकीच्या बायकांना स्टीलच्या वाट्या, आणि माझ्या ओटीत चमकीच्या कागदाचं पुडकं. कागद तोच, मीच दिलेला, घडी घालून जपून ठेवलेला. पुडकं हाताला जड लागलं. परतीच्या एसटीत मी ते मांडीवर घेऊन बसले आणि शोभाच्या मोठ्या मनाबद्दल विचार करत राहिले. हिनं मला चांगला, फुटव्याचा भाग दिला असणार. ह्या उपकाराखाली आता जन्मभर वाकून राहायचं, या कल्पनेनं आर्णी येईपर्यंत माझे डोळे भरून आले होते.

घरी येऊन कागद उघडला. आत चार सुरकुतलेले, बिनपानांचे कंद. सोबत एका पुडीत बकरीच्या लेंड्या.

मी पोट दुखेपर्यंत हसले. ह्यांनी विचारलं, "काय दिलं शोभीनं?" मी म्हटलं, "वाण दिलं. नावं ठेवायची नाहीत."

त्याच संध्याकाळी मोठं झाड टीव्हीपासून उचलून गच्चीवर नेलं. ह्या हंगामाची थंडी बरीचशी गेली, म्हणजे त्याचं फूल पुढच्या वर्षी, तेही त्याची मर्जी असेल तर. शेजारी फुटक्या बादलीत विटांचे तुकडे घालून ते चार कंद लावले. त्यांना तीन वर्षं लागतील. स्वेटर आता मी घालते.

रोज सकाळी लेंड्यांचं पाणी घालताना शोभाची आठवण येते. अजून तरी चांगली नाही.