साडेपाचचा नळ

आमच्या अयोध्या नगरच्या वृद्धाश्रमात माझ्या खोलीत एक ताई राहायला आल्या. वय झालेलं, आठवण विरत चाललेली. दिवसभर शांत बसायच्या, पण संध्याकाळचे सव्वापाच झाले की हात थरथरायचे, श्वास फुलायचा, आणि खोल्याखोल्यांतून लोकांचे पेले, जग, डबे उचलून आणायच्या. लोक चोर म्हणायला लागले.

सिस्टर म्हणाली, "आंटी, शनिवार को डॉक्टर साहब आएँगे, तो शांत रहने की गोली शुरू करवा देते हैं."

गोळीशी माझं काही वैर नाही, बीपीची मी रोज घेते. पण समोरच्या आजोबांना तसली सुरू झाली तेव्हा ते जेवताना ताटावरच पेंगायचे, एकदा पडलेसुद्धा. मी सिस्टरला डॉक्टरांना फोन करायला लावलं. ते म्हणाले, "शनिवारपर्यंत दुसरं काही करून बघा. नाहीच जमलं तर गोळी."

तो बुधवार. मी भजनं लावली, चहा पाजला. दुसऱ्या दिवशी हात धरून "बसा हो" म्हटलं, तर मलाच ढकललं.

शुक्रवारी मी तोंड बंद ठेवलं (सोपं नाही ते माझ्यासाठी) आणि नुसतं बघितलं. ताईंनी सगळी भांडी बाथरूमच्या दाराशी ओळीनं मांडली, मोठी आधी, लहान मागे. अगं बाई, ही तर आमच्या शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरांतली नळाची रांग. मी तिथेच संसार केला. साडेपाचला नळ यायचा, अर्ध्या तासात जायचा. तेवढ्यात भरलं नाही तर घर कोरडं.

शनिवारी सव्वापाचला मी त्यांना अंगणातल्या नळावर नेलं. बादली दिली, कळशी दिली, नळाला बांधायला फडकं दिलं. फडक्याची गाठ मारता मारता हात थरथरायचे थांबले. मी माझी बादली पुढे सरकवली, तर म्हणतात, "नंबर माझा आहे. मागे व्हा."

कुणी रागावल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

तेवढ्यात डॉक्टर आले. ताई त्यांना म्हणाल्या, "उभे काय राहिलात? कळशी आत ठेवा." त्यांनी मुकाट्यानं ठेवली.

"और गोली?" सिस्टरनं विचारलं.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : रोज साडेपाचला नळ.

आता पाच वाजले की लोक आपापली भांडी स्वतःच दाराबाहेर काढून ठेवतात.