सातव्या वहीतलं श्री

गावाकडे कुणी म्हणालं, "चिंचेखाली कोणीतरी उभं होतं," की मी आधी विचारायचो, बॅटरी होती का हातात? आजही मी तसाच आहे. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय... पण घडलं तसं सांगतो.

मी मिनेसोटातल्या एका युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरचं मास्टर्स करतोय. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आर्किऑलॉजी विभागाच्या तळघरात मला असिस्टंटशिप मिळाली, तिच्यावरच माझं शिक्षण चाललंय. काम सोपं होतं. युनिव्हर्सिटीने पूर्वी, माझ्या जन्माच्याही आधी, इटलीत एका श्रीमंत रोमन माणसाचं घर खणून काढलं होतं. त्या खोदकामाच्या वह्या स्कॅन करायच्या. नियम एकच : मूळ कागदावर पेन्सिलही टेकवायची नाही.

एका मंगळवारी दुपारी आमच्या प्रोफेसर एलेन यांनी बोलावलं. सगळे त्यांना नुसतं एलेन म्हणतात, माझ्या तोंडून मात्र मॅडमच निघतं. त्यांच्यासमोर सातवी वही उघडी होती. पानाच्या वर, मधोमध, पेन्सिलीने लिहिलेलं — श्री.

"ही तुझी भाषा आहे?"

"हो, मॅडम."

"आणि अक्षर? तेही तुझंच?"

मी वाकून पाहिलं. शाळेपासून कोरं पान दिसलं की माझा हात आधी श्री लिहितो. त्यावर शिरोरेघ देत नाही, खाली दोन रेघा, दुसरी आखूड. इथल्या पेपरांवरसुद्धा लिहितो. समोरचं श्री हुबेहूब तसंच होतं.

"शुक्रवारी मला रिपोर्ट द्यावा लागेल," त्या म्हणाल्या. "आय ॲम सॉरी."

असिस्टंटशिप गेली की शिक्षण थांबणार, शिक्षण थांबलं की व्हिसा. घरी फोन करून काय सांगणार होतो?

पहिला संशय तेजसवर. माझा रूममेट, नागपूरचा, त्याच तळघरात सकाळची शिफ्ट करतो.

"अबे, मी कायले लिहू?" तो भडकला. "मले देव आठवते पेपर संपल्यावर! अन् खरं सांग, तूच लिहिलं नसशील ना? झोपेत असते बे तू."

तेच मला खात होतं. कोरं पान, सवयीचा हात... लिहिलं असेन तर मला कळलं तरी असतं का? दोन दिवस मी माझ्याच हाताकडे संशयाने बघत होतो. शेवटी गुरुवारी माफीपत्र लिहायला घेतलं. ही वही माझ्याकडे कधी होती त्या तारखा तपासताना वह्यांच्या यादीत दिसलं — खोदकाम संपल्यावर लगेच या वह्यांची मायक्रोफिल्म काढलेली होती.

लायब्ररीत जाऊन त्या फिल्मचं रीळ लावलं. सातवी वही. तेच पान.

श्री तिथे होतं. दुसरी रेघ आखूड.

मॅडमना बोलावलं. त्यांनी स्क्रीनवर ते पान मोठं करून पाहिलं. मग त्यांनी खोदकामावरच्या माणसांची यादी काढली. एकही भारतीय नाव नाही. वही ज्यांची होती त्या रूथबाई आता वृद्धाश्रमात असतात. मॅडमनी स्पीकरवर फोन लावला.

"हं, ते होय!" बाई हसल्या. "ते मी काढलंय. स्नानघराशेजारच्या खोलीत भिंतीच्या गिलाव्यावर ओरखडलेलं होतं. आम्हीच मातीखालून मोकळं केलं. मला वाटलं, लहान मुलाचा खेळ. दिसलं तसं उतरवलं. फोटो काढायच्या आत गिलावा गळून पडला."

"माती आधी कुणी उकरली असेल?" मॅडमनी विचारलं.

"मुळीच नाही. वर अख्खं छप्पर कोसळलेलं होतं, रोमन काळातच."

मी नंतर शोधून पाहिलं. ते घर पडलं तेव्हा ही लिपी जगात कुठेच लिहिली जात नव्हती. रूथबाईंची आठवण चुकत असेल, असं मी स्वतःला सांगतो. पण मग ती आखूड रेघ?

माझी असिस्टंटशिप राहिली. मॅडमनी मनापासून माफी मागितली, मी त्यांचा ऋणी आहे. पण त्या दिवसापासून मूळ वह्या माझ्या हातात देत नाहीत, नुसते स्कॅन पाठवतात. कारण मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

फाइल बंद करायला एक फॉर्म भरायचा होता. "खूण कोणाची" या रकान्यात मी रूथबाईंचं नाव लिहायला लागलो. मॅडमनी माझा हात अडवला.

"तिने फक्त उतरवली," त्या म्हणाल्या.

मग मी लिहिलं, अज्ञात. खाली आम्ही दोघांनी सही केली.